लॅपटॉपची निद्रा व जागृती : एका दोषाचे मूळ
अंबडच्या एखाद्या कचेरीत झाकण उघडताच लॅपटॉप कोलमडला, तर दोष बहुधा यंत्राच्या वयाला दिला जातो. मूळ मात्र जुन्या कार्यविभागणीत आहे. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांच्या १९९२ च्या ‘एपीएम’ योजनेत निद्रेची व्यवस्था मुख्यतः बायॉसकडे होती. डिसेंबर १९९६ मध्ये, तोशिबाच्याही सहभागाने निघालेल्या ‘एसीपीआय’ने ती कार्यप्रणालीकडे सोपविली. त्यातील ‘एस-३’ निद्रेत स्मृतीची वीज तेवढी चालू राहते. पडदा, वायफाय सांभाळणारे भाग आपली स्थिती गमावतात. ती पूर्ववत करणे हे प्रत्येकाच्या ड्रायव्हरचे काम. हे ड्रायव्हर बहुधा प्रणालीच्या गाभ्यातच चालत असल्याने एकाची चूक सर्वांना भोवते. म्हणून प्रथम घटनानोंद पाहावी, मग ड्रायव्हर व बायॉस अद्ययावत करावेत. स्मृती डिस्कवर उतरविणाऱ्या ‘हायबरनेट’ने कधी कधी निभावते, पण तो तोडगा होय, निदान नव्हे.