अर्धे पान

आजी नऊ वर्षांची असताना पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या यात्रेत तिने हातावर तुळस गोंदवून घेतली. कानिफनाथांच्या या यात्रेला भटक्या जमातींची पालं पडत. त्यांत गोंदणाऱ्या बायकाही असत.

काजळी खलायची, दोन-तीन सुया दोऱ्याने बांधायच्या आणि टोचत जायचे. वर हळद. “खपली काढू नको, पान गळंल,” असा दम आजीला मिळाला होता. तिने खपली ओढलीच. हात सुजला, ताप आला आणि तुळशीचे एक पान कायमचे अर्धे राहिले.

तो दम खराच होता. रंग कातडीच्या आतल्या थरात बसतो आणि तिथल्या भक्षक पेशी तो गिळून ठेवतात. पेशी मेली की सांडलेला रंग दुसरी उचलते, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवले. वरची जखम भरायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने गोंदणाच्या विद्युतयंत्राचे पेटंट घेतले. त्याच घराण्यातल्या यंत्राने माझ्या मुलीने नगरला टॅटू काढला. सुई नवी होती. यात्रेत एकच सुई कितीजणींना टोचली जाई आणि त्यातून कावीळही पसरू शकते, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? मुलीला सूचना मिळाल्या : हात धुऊनच स्पर्श करा, सौम्य साबण वापरा, ऊन आणि पोहणे टाळा, खपली काढू नका. शेवटची सूचना ऐकून मला आजी आठवली.

आजी गेली तेव्हा अंगावरचे दागिने उतरवून घेतले. अर्धे पान तेवढे तिच्याबरोबर गेले.