‘मे’ की ‘शॅल’? इंग्रजी नोटीस वाचताना हे छोटे शब्द नीट पाहा

बँकेचा मेसेज, नोकरीची जाहिरात, कर्जाचे कागद... मोबाइलवर रोज काही ना काही इंग्रजीत येतंच. बाकी वाक्य समजलं, पण कॅन, मे, मस्ट, शॅल हे शब्द नजरेतून सुटले, तर सक्तीची गोष्ट ऐच्छिक वाटते आणि अर्ज बाद होतो. या शब्दांना इंग्रजी व्याकरणात ‘मोडल ऑक्झिलरी’ म्हणतात.

कोणत्या शब्दाचा काय अर्थ?

• कॅन : जमतं, करता येतं. ‘शी कॅन ड्राइव्ह’ म्हणजे तिला गाडी चालवता येते.
• मे : परवानगी किंवा शक्यता. ‘इट मे रेन’ म्हणजे पाऊस पडू शकतो, पडेलच असं नाही.
• शुड : करायला हवं, सल्ला. मात्र भरतीच्या जाहिरातीत ‘शुड’ दिसला तर ती अट समजूनच पूर्ण केलेली बरी.
• मस्ट : केलंच पाहिजे.
• शॅल : कायद्यात, करारात आणि सरकारी कागदात बहुतेक वेळा बंधनकारक.

‘कॅन्डिडेट्स मे अप्लाय ऑनलाइन’ म्हणजे अर्ज ऑनलाइनही करता येईल. तिथेच ‘शॅल अप्लाय ऑनलाइन’ असेल, तर ऑनलाइनच करावा लागेल. कर्जाच्या कागदात ‘द बँक मे चार्ज अ फी’ असेल, तर शुल्क लावण्याची मुभा बँकेला आहे. सही करण्याआधी ते किती, हे विचारून घ्यावं.

सर्वात जास्त चूक इथे होते

‘मस्ट’ म्हणजे केलंच पाहिजे, मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘केलंच पाहिजे असं नाही’, असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. ‘यू मस्ट नॉट पे कॅश’ म्हणजे रोख पैसे अजिबात द्यायचे नाहीत. ‘यू नीड नॉट पे कॅश’ म्हणजे रोख देण्याची गरज नाही. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात सूट.

लिहिताना लक्षात ठेवा

• या शब्दांनंतर मूळ क्रियापद येतं. ‘ही कॅन टू गो’ चूक, ‘ही कॅन गो’ बरोबर.
• ‘ही’, ‘शी’ असलं तरी ‘एस’ लागत नाही. ‘शी मस्ट गोज’ चूक, ‘शी मस्ट गो’ बरोबर.
• दोन मोडल एकापुढे एक येत नाहीत. ‘आय विल कॅन कम’ चूक, ‘आय विल बी एबल टू कम’ बरोबर.
• विनंती करताना ‘कॅन यू’पेक्षा ‘कुड यू’ जास्त नम्र वाटतं.

आपल्या ग्रामपंचायतीतही हाच फरक

73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान मिळालं. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. पंचायती स्थापन करण्याबद्दलच्या कलम 243 ब मध्ये इंग्रजीत ‘शॅल’ आहे. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्याच्या तरतुदीतही ‘शॅल’ आहे. पण पंचायतींना अधिकार देण्याबद्दलच्या कलम 243 ग मध्ये ‘मे’ आहे. म्हणून पंचायत राज्यात असावीच लागते, पण तिला कोणते अधिकार द्यायचे, हे बरंचसं राज्याच्या विधिमंडळावर राहतं.

अर्थात, एकट्या शब्दावरून कायद्याचा निकाल लागत नाही. संदर्भ पाहून न्यायालयांनी कधी कधी ‘मे’चा अर्थ ‘शॅल’सारखा बंधनकारकही लावला आहे. त्यामुळे वादाच्या प्रकरणात वकिलाला विचारावं. रोजच्या नोटिशीत मात्र आधी हे शब्द शोधावेत, खाली रेघ मारावी, मगच अर्ज भरावा किंवा सही करावी.