हातांची बोली आणि मिलानचा ठराव

ज्याला वाचेने बोलता येत नाही त्याला दुसरे साधन द्यावे की नाही, हा वाद आमच्या ख्रिस्तसभेच्या अंगणातही रंगला होता, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल.

१७६० च्या सुमारास पॅरिसमधील धर्मगुरू शार्ल-मिशेल द लेपे यांना दोन बहिऱ्या बहिणी भेटल्या. संतांची चित्रे दाखवून त्यांना शिकवणारे फादर वारले होते. या मुली धर्मज्ञानावाचून मरतील, ही चिंता द लेपे यांना स्वस्थ बसू देईना. संत पौलाने विश्वासाचा संबंध श्रवणाशी जोडला. त्याचा शब्दशः अर्थ लावणाऱ्यांना बहिऱ्यांचे धर्मशिक्षण अशक्यच वाटे. द लेपे यांनी कानाचे काम डोळ्यांकडे सोपवले. बहिऱ्यांच्या आपसांतील खुणा ते शिकले, त्यांत फ्रेंच व्याकरणाची भर घातली (ती बरीच बोजड होती) आणि शाळा काढली. ते पाहायला पॅरिसकर गर्दी करीत. १७७७ मध्ये सम्राट दुसरा जोसेफही येऊन गेला.

पुढे वारे फिरले. सप्टेंबर १८८० मध्ये मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. अध्यक्ष होते फादर जुलिओ तारा. बोलणे हीच मानवी प्रतिष्ठेला शोभणारी भाषा, हातवारे नव्हेत, असा त्यांचा आग्रह. १६० विरुद्ध ४ मतांनी ठराव झाला. प्रतिनिधींत बहिरा माणूस अवघा एक! तारा दुष्ट नव्हते. बहिऱ्या मुलांसाठीच त्यांनी आयुष्य वेचले होते. तरीही त्या ठरावाने अनेक देशांत बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि वर्गात हात हलवणारी मुले शिक्षेला पात्र ठरली. मुंबईत १८८५ च्या सुमारास जेजुइट बिशप लिओ मोरिन यांनी काढलेली मूकबधिरांची शाळा भारतातील पहिली मानली जाते. आपल्या देशातील अशा शाळांवरही दीर्घकाळ मौखिक पद्धतीचाच पगडा राहिला.

त्याच परिषदेने २०१० मध्ये व्हँकूवर येथे मिलानचे ठराव फेटाळले व झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षे लागली!

जुना आक्षेप मात्र जिवंत आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला चित्रफलक किंवा बोलते यंत्र दिले की, "आता ते बोलायचा प्रयत्नच करणार नाही," असे आईवडिलांना ऐकावे लागते. अभ्यासातून तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे थोडेफार वाढतेच. १९८५ मध्ये वाचा गमावलेले स्टीफन हॉकिंग पुढील वर्षी परमगुरूंच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि संगणकाच्या आवाजात तेथे बोलले. आमच्या धर्मग्रामात मात्र फलकावर बोट ठेवून प्रार्थना करणाऱ्या मुलाकडे मिस्सावेळी आम्हीच मागे वळून पाहत राहतो.