अनियंत्रित मधुमेह आणि रक्तातील मेदाम्ले

मधुमेहाच्या रुग्णाला साखरेचे आकडे तोंडपाठ असतात, पण रक्तातल्या मेदाम्लांविषयी त्याला सहसा कुणी सांगितलेले नसते. अनियंत्रित मधुमेहात होणाऱ्या नुकसानीत त्यांचा वाटा मोठा आहे.

मेदपेशींत चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात साठते. तिचे विघटन आवरणे हे इन्सुलिनचे काम. इन्सुलिन कमी पडले किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या की विघटन चालूच राहते आणि सुटलेली मेदाम्ले अल्ब्युमिनला चिकटून रक्तात फिरू लागतात. निरोगी माणसात उपाशीपोटी त्यांचे प्रमाण लिटरला साधारण अर्धा मिलिमोल असते आणि जेवणानंतर ते झपाट्याने उतरते. नियंत्रण सुटलेल्या रुग्णात ते एकच्या वर जाऊ शकते, जेवणानंतरही पुरेसे उतरत नाही.

मेदाम्ले जाळणारा स्नायू साखर कमी वापरतो, असे फिलिप रँडल यांनी १९६३ मध्ये मांडले. पुढच्या संशोधनाने ही यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असल्याचे दाखवले, पण मेदाम्ले इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात हे टिकून राहिले. यकृतात ती पोचली की तिथे साखरही जास्त तयार होते आणि ट्रायग्लिसराइडही. म्हणजे साखर बिघडल्याने मेदाम्ले वाढतात, आणि वाढलेली मेदाम्ले साखर आणखी बिघडवतात. ट्रायग्लिसराइड फारच चढले, तर परीक्षानळीतला रक्तद्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. अशा वेळी स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन जवळजवळ नसल्याने मेदाम्लांपासून कीटोन बनून जीवघेणी आम्लता होते. टाइप २ मध्ये उरलेले थोडे इन्सुलिन सहसा ती टाळते.

हा धोका लठ्ठ माणसापुरताच आहे, असे समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत पाळ्यांनी राबणाऱ्या सडपातळ कामगारानेही म्हणूनच निर्धास्त राहू नये. रात्रपाळीत जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा चुकतात, ही त्यात भर.

मेदाम्लांची चाचणी नेहमीच्या दवाखान्यात होत नाही. म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसोबत उपाशीपोटीचे ट्रायग्लिसराइड तपासून घ्या. ते चढलेले असेल, तर आधी साखर आटोक्यात आणण्याविषयी डॉक्टरांशी बोला; पुष्कळदा तेवढ्यानेच ते बरेच खाली येते. आणि इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी झाले म्हणून ते स्वतःहून बंद करू नका.