कोकम, कॅप्सूल आणि जीभ

परवा टीममधल्या एका मित्राने डेस्कवर एक डबी आणून ठेवली. वर लिहिलेलं 'गार्सिनिया'. वजन कमी करायच्या कॅप्सूल! मला म्हणाला, "अरे, हे म्हणजे तुमच्या मालवणचं कोकमच ना? मग सेफच असणार." तेवढ्यात मीटिंगची वेळ झाली आणि उत्तर अर्धवट राहिलं. पूर्ण उत्तर आता शनिवारी निवांत लिहितोय, कारण त्याची सुरुवात थेट १५६३ पासून करावी लागते.

त्या वर्षी गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. लेखक गार्सिया द ओर्ता, पेशाने वैद्य. १५३४ मध्ये तो गोव्यात आला आणि इथल्याच औषधी वनस्पती, मसाले, फळं यांवर त्याने दोन माणसांच्या संवादाच्या रूपात पुस्तक लिहिलं. त्यात 'ब्रिंडाँव' नावाचं एक फळ येतं. आतून रक्तासारखं लाल, अतिशय आंबट. ओळखलंत? आपलं भिरंड, म्हणजेच रातांबा. ओर्ता सांगतो की ते रंगवायला वापरतात आणि त्याची वाळलेली साल व्हिनेगर करण्यासाठी ठेवतात. अनेकांना हे फळ आवडतं, पण आपल्याला नाही, फार आंबट लागतं, असंही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. ही तक्रार लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

(जाता जाता: 'गार्सिनिया' हे नाव या गार्सियावरून आलं असावं असं मला बरीच वर्षं वाटायचं. साफ चूक! लिनियसने ते लॉरेंट गार्सिन या दुसऱ्याच निसर्गअभ्यासकाच्या नावावरून ठेवलं.)

आता तेरेखोलची खाडी ओलांडून आपल्या सिंधुदुर्गात येऊ. इथे कोकम हे 'हेल्थ फूड' वगैरे कधीच नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात रातांबे पिकतात. पावसाच्या आत ते फोडायचे, सालं वेगळी करायची, त्यांच्याच रसात बुडवून उन्हात घालायची, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, की झाली सोलं. रसात मीठ घातलं की आगळ, साखर घातली की अमृत कोकम. बियांमधून तेल निघतं, ते साध्या तापमानाला घट्ट राहतं आणि फुटलेल्या टाचांना लावतात. फळातलं काहीही वाया जात नाही.

फ्रिज नसलेल्या दमट किनाऱ्यावर आंबटाचा आणखी एक फायदा होता. आम्लामुळे पदार्थ जास्त वेळ टिकतो. म्हणून बांगड्याच्या तिखल्यात सोलं आणि तिरफळं. जेवणाच्या शेवटी नारळाच्या रसातली सोलकढी. त्यातली हिरवी मिरची मात्र अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेली बरं का. म्हणजे आपण जिला 'पारंपरिक' म्हणतो ती सोलकढीसुद्धा बदलत आली आहे. माझ्या मावशीला मी एकदा विचारलं होतं, सोलकढी नक्की कशावर औषध? ती म्हणाली, "औषद कसला रे झिला, जेवाण ता!"

मग कॅप्सूल कुठून आली? कोकमाचा एक केरळी भाऊबंद आहे, कुडमपुळी. तीसुद्धा माशाच्या कालवणातच पडते. १९६५ मध्ये तिच्यातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सीसायट्रिक असल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलं. हेच आम्ल कोकमाच्या सालीतही असतं. १९६९ मध्ये कळलं की साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम हे आम्ल रोखतं. झालं! फळातून एक फंक्शन कॉपी करून आणलं, बाकी सगळी सिस्टीम तिकडेच राहिली.

प्रयोगशाळेत जे चालतं ते माणसात चालतं का, हे १९९८ मध्ये अमेरिकेत नीट तपासलं गेलं. वजन जास्त असलेली १३५ माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, निम्म्यांना नुसत्याच दिसायला तशा गोळ्या. आम्लवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो घटलं, नुसत्या गोळ्यावाल्यांचं ४.१ किलो! म्हणजे जो काही फायदा झाला तो आहाराचा.

पण बाजार कुठे ऐकतो? २०१२ मध्ये डॉ. ऑझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाने गार्सिनियाचा डंका पिटला, आणि २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीने वजन घटवण्याच्या अशा दाव्यांबद्दल त्यांना जाब विचारला. पुढे गार्सिनियाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या. काहींना यकृत बदलावं लागलं. अशा घटना फार थोड्या आहेत हे खरं, पण ज्या गोष्टीचा उपयोगच सिद्ध नाही तिच्यासाठी एवढीही जोखीम कशाला घ्यायची?

तर मित्रा, आता तुझं उत्तर. कोकम सेफ आहे, ते 'नैसर्गिक' आहे म्हणून नव्हे. ते जेवणात येतं म्हणून. वाटीभर सोलकढीत सोलं जास्त पडली की जीभच हात वर करते. साडेचारशे वर्षांपूर्वी ओर्तालाही तिनेच थांबवलं होतं. नारळ, मासे, भात, उन्हाळा आणि आपली जीभ मिळून प्रमाण ठरवतात. कॅप्सूलला चवच नाही, त्यामुळे 'बास' म्हणणारं कोणी उरत नाही.

सोलकढी पिऊन वजन उतरतं असा माझा दावा नाही. आगळात मीठ बरंच असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी जरा जपूनच. पण दुपारी कोल्ड्रिंकच्या जागी चार सोलं पाण्यात भिजवून, चिमूटभर जिरेपूड टाकून पिऊन बघा. साखर नाही, खर्च जवळपास शून्य.

मित्राला सोमवारी सोलांची पुडी नेऊन देणार आहे. डबी टाकून दे म्हणून सांगेन. ऐकेल की नाही, देव जाणे!