'भूतधात्री': चरकसंहितेतील निद्राविचार
चरकसंहितेत निद्रेला स्वतंत्र अध्याय नाही. सूत्रस्थानाच्या 11व्या अध्यायात आहार व ब्रह्मचर्य यांच्यासमवेत तिची गणना देहाच्या तीन उपस्तंभांत होते. सविस्तर विवेचन मात्र 21व्या अध्यायात, अतिस्थूल आणि अतिकृश देहांच्या चर्चेच्या ओघात येते. अभ्यंग, स्नान, दहीभात, दूध, तूप, संवाहन, सुखद शय्या, मनाजोगते गंध व शब्द हे निद्रानाशावरील उपाय तेथे आहेत. 25व्या अध्यायात निद्राजनक द्रव्यांत म्हशीच्या दुधाला अग्रस्थान मिळते. अतिनिद्रेवर भय, चिंता व क्रोध यांचाही उपाय सांगितला आहे, हे मात्र आजच्या आरोग्यपुस्तिकांना सोयीचे नसावे.

वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते नामकरण. रात्रीच्या स्वाभाविक निद्रेला संहिता 'भूतधात्री', म्हणजे प्राणिमात्रांची दाई, म्हणते. तमोजन्य निद्रेला पापाचे मूळ ठरवते आणि उरलेल्या प्रकारांना व्याधींत ढकलते. एकाच वर्गीकरणात वात्सल्य आणि निंदा अशी शेजारी बसतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उपस्तंभांची मांडणीच बदलते: ब्रह्मचर्याच्या जागी 'अब्रह्मचर्य', अर्थात युक्तीने केलेले, येते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 13व्या शतकात याच ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली.

दासबोधाच्या 18व्या दशकातील 9वा समास निद्रानिरूपणाचाच आहे. तेथे आयुर्वेदाचा प्रभाव शोधण्याचे कारण नाही. घोरणाऱ्या, बरळणाऱ्या, दचकून उठणाऱ्या माणसांच्या त्या विनोदी चित्रात निद्रा पोसणारी नव्हे, पछाडणारी वाटते.