घासाची सावली

‘घास घशाखाली उतरत नाही’ असे आपण दुःखाच्या प्रसंगी म्हणतो. ज्याच्या घशाखाली तो खरोखरच उतरत नाही, त्याचे दुःख आपल्या कल्पनेपलीकडचे असते. येथून, रोडपालीहून, खारघर दूर नाही. तेथे कर्करोगावरील उपचारांचे व संशोधनाचे मोठे केंद्र आहे. तंबाखूपायी घशाचा कर्करोग झालेल्या रुग्णाचा रोग शस्त्रक्रियेने हटला, तरी एक प्रश्न पुष्कळदा उरतो : हा माणूस आता जेवणार कसा? त्याचे उत्तर सव्वाशे वर्षांत कसे सापडत गेले, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

घसा हा अन्नाचा व श्वासाचा सामाईक रस्ता. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, श्वासनलिकेचे दार मिटते आणि सुमारे एका सेकंदात घास अन्ननलिकेत उतरतो. हे सारे डोळ्यांआड चालते. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन व आल्बर्ट मोझर या विद्यार्थ्यांनी, बाउडिच या आपल्या गुरूंच्या सूचनेवरून, कुत्र्याला शिंपल्याचे बटण गिळवले आणि त्याची सावली पडद्यावर खाली सरकताना पाहिली. मग बिस्मथ कालवलेले अन्न आले. १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट आले. किरणांचा धोका सुरुवातीला पुरता कळलेला नव्हता. कॅननच्या त्वचेने त्याची किंमत पुढे मोजली.

परंतु एका सेकंदाचा हा खेळ स्थिर छायाचित्रात सापडेना. तो चलच्चित्रात सापडला. अमेरिकेच्या जेरी लोगमन यांनी रुग्णाला बेरियमचे लहान लहान, पातळ व घट्ट घास देऊन चित्रण करण्याची पद्धत रूढ केली. १९८३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. आता तपासणीचा हेतूच पालटला. बिघाड कोठे आहे एवढेच न पाहता, कसे गिळले असता घास सुखरूप जातो, हेही पाहिले जाऊ लागले. कोणी हनुवटी छातीकडे झुकवावी, कोणी मान दुबळ्या बाजूस वळवावी, कोणी श्वास रोखून गिळावे व लगेच खोकावे. एकाला तारणारी युक्ती दुसऱ्याला बाधू शकते, आणि काहींच्या श्वासनलिकेत अन्न शिरले तरी ठसकासुद्धा लागत नाही. म्हणून अंदाजापेक्षा पाहणे श्रेष्ठ.

नळीने पोट भरते. पण पंगतीत बसण्याचे सुख घासानेच मिळते. पडद्यावरील त्या काळ्या सावलीने कित्येकांना पुन्हा पानावर बसविले आहे.